व्रणाचे छायाचित्र : प्रगत कॉम्पॅक्ट कॅमेरा की डीएसएलआर?

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत दर्शनाचा उल्लेख प्रथम येतो. छायाचित्र ही त्या दर्शनाचीच नोंद होय. मात्र नोंद सदोष असेल तर ती नसलेलीच बरी, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका मधुमेही रुग्णाच्या पायावरील जुनाट व्रणाची चिकित्सा आम्ही करीत होतो. पहिले छायाचित्र सकाळी खिडकीच्या उजेडात घेतले, तर पंधरा दिवसांनंतरचे संध्याकाळी ट्यूबलाइटखाली. कॅमेरा दोन्ही वेळा स्वयंचलित स्थितीत होता. व्रण भरत आला होता, परंतु दुसऱ्या चित्रात त्याचा तळ हिरवट-पिवळा दिसत होता. रुग्णाच्या चिरंजीवांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून विचारले, "डॉक्टर, जखम चिघळली ना?" आमच्याजवळ उत्तर होते, पुरावा नव्हता. रुग्ण पुन्हा आले नाहीत.

सुश्रुताचार्यांनी शुद्ध व्रणाला जिह्वातलाची उपमा दिली आहे. जेथे वर्णावरून शुद्ध-दुष्टाचा निर्णय करावयाचा, तेथे कॅमेऱ्याने वर्ण बदलून चालत नाही. म्हणून कॅमेरा निवडताना काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूलभूत भेद

डीएसएलआरमध्ये भिंग बदलता येते आणि आरशाच्या साहाय्याने प्रत्यक्ष भिंगातूनच दृश्य दिसते. त्याचा सेन्सर बहुधा सुमारे २३ × १५ मि.मी. असतो. कॅननच्या २००७ सालच्या पॉवरशॉट जी९ सारख्या प्रगत कॉम्पॅक्टचा सेन्सर सुमारे ७.६ × ५.७ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळाने डीएसएलआरच्या एक-अष्टमांशाच्या आसपास. सोनीच्या २०१२ मधील आरएक्स१०० ने १३.२ × ८.८ मि.मी. सेन्सर खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात आणला व हे अंतर बरेच कमी झाले. मोठा सेन्सर मंद प्रकाशातही स्वच्छ चित्र देतो.

मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र भुलू नये. १० मेगापिक्सेलचे चित्र ३०० डीपीआयने सुमारे १२ × ९ इंच छापता येते. रुग्णपत्रिकेला आणि शोधनिबंधाला एवढे पुरेसे आहे.

अंतर आणि स्पष्टतेची खोली

कॉम्पॅक्टचा मॅक्रो विशाल कोनात एक-दोन सेंटीमीटरपर्यंत जवळ नेता येतो. विक्रेता हाच गुण म्हणून सांगतो; चिकित्सालयात तो दोष ठरतो. भिंगाची सावली व्रणावर पडते, मधला भाग फुगून मोठा दिसतो आणि रुग्णही संकोचतो. हातभर दूर राहून झूमने जवळ यावे, हा योग्य मार्ग. दुकानात जाताना एक फूटपट्टी न्यावी. झूम पूर्ण लांबवून चौकटीत किती सेंटीमीटर मावतात ते पाहावे. दहाच्या आत आले तर कॅमेरा व्रणासाठी उपयोगी.

डीएसएलआरबरोबर मिळणारे १८-५५ चे भिंग वस्तू साधारण एक-तृतीयांश आकारमानाने टिपते, म्हणजे सात सेंटीमीटर रुंदीचा भाग चौकट भरतो. व्रणास तेवढे चालेल. किटिभातील एकेका खवल्यास ६० किंवा १०० मि.मी. चे मॅक्रो भिंग स्वतंत्रपणे घ्यावे लागेल. त्यातून वस्तू सेन्सरवर मूळ आकारात उमटते. मात्र त्या आकारमानात छिद्र एफ/१६ इतके लहान केले तरी स्पष्टतेची खोली जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर राहते. व्रणाचा काठ स्पष्ट आला तर तळ अस्पष्ट. लहान सेन्सरच्या कॉम्पॅक्टमध्ये त्याच चौकटीस व त्याच छिद्रास खोली अधिक मिळते. येथे लहानपण हाच त्याचा गुण आहे.

वर्णाची शिस्त

कॅमेरा कोणताही असो, स्वयंचलित व्हाइट बॅलन्स बंद करावा. करड्या कार्डावरून तो हाताने ठरवावा, प्रकाशाची जागा व अंतर कायम ठेवावे, चौकटीत मोजपट्टी ठेवावी. रॉ स्वरूपात चित्र साठविण्याची सोय असल्यास वर्ण नंतरही सुधारता येतो. आमची चूक कॅमेऱ्याच्या दर्जाची नव्हती, या शिस्तीच्या अभावाची होती.

औषधी द्रव्यांसाठी

औषधालयाच्या मालकांची गरज वेगळी आहे. ब्राह्मी या एकाच नावाने बाकोपा व मंडूकपर्णी दोन्ही बाजारात येतात. अशोकाच्या सालीत आसोपालवाची साल मिसळलेली असते. ताजी वनस्पती सहज ओळखू येते, सुकलेल्या मालात पोत व भंग पाहावा लागतो. खात्रीच्या नमुन्याचे मोठ्या आकारमानातील चित्र संग्रही असेल तर आलेल्या मालाशी प्राथमिक तुलना करता येते. येथे डीएसएलआर आणि मॅक्रो भिंग यांचा खर्च सार्थकी लागतो.

वसईची हवा

आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात चूर्ण ओलसर होते, तशीच भिंगावर बुरशी चढते. जितकी भिंगे, तितकी निगा. कॅमेरा चामडी पिशवीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा.

निवड

२०१८ मध्ये कॅनन व निकॉन यांनी मोठ्या सेन्सरचे आरशाविना कॅमेरे आणल्यानंतर या दोन्ही कंपन्यांचा भर तिकडे वळला आहे. त्यामुळे वापरलेले डीएसएलआर व मॅक्रो भिंग विचारात घेण्याजोगे आहेत. घेण्यापूर्वी भिंगातून उजेडाकडे पाहून बुरशी तपासावी. मोबाइल हाताशी असतो खरा, पण तो त्वचा परस्पर गुळगुळीत करतो, आणि रुग्णाचे चित्र घरगुती छायाचित्रांत मिसळते.

आमचे मत असे : व्रण व त्वग्विकारांची नियमित नोंद ठेवणाऱ्या वैद्याने छिद्र, वेग व व्हाइट बॅलन्स हाताने ठरविता येणारा प्रगत कॉम्पॅक्ट घ्यावा. सूक्ष्म विकृतींचा अभ्यास किंवा द्रव्यसंग्रह करावयाचा असेल तरच डीएसएलआर घ्यावा, आणि तोही मॅक्रो भिंगाचे पैसे बाजूला काढूनच.

शेवटी एक सूचना. चित्र घेण्यापूर्वी रुग्णाची लेखी संमती घ्यावी. 'आधी आणि नंतर'ची चित्रे जाहिरातीत वापरू नयेत. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात श्वित्रासह अनेक व्याधी आहेत. ही चित्रे प्रथम आपल्या स्वतःच्या परीक्षेसाठी आहेत. रुग्णाच्या नातेवाइकाने प्रश्न विचारला की त्यांतून खरे उत्तर मिळावे, एवढीच अपेक्षा.