गाडी उचलली, पण संमती कोणाची? टोइंगच्या निमित्ताने संशोधनप्रश्नाविषयी

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विषय सांगतात, प्रश्न सांगत नाहीत. "मुंबईतली पार्किंगची समस्या" हा झाला विषय. त्यावर वर्षानुवर्षं वाचत बसता येईल. प्रश्न मात्र असा हवा, की त्याचं आपण दिलेलं उत्तर चूक ठरण्याची शक्यता असेल. आज एक रोजची गोष्ट घेऊन विषयातून प्रश्न कसा काढायचा ते बघूया. गोष्ट म्हणजे नो पार्किंगमधून गाडी उचलून नेणं. मी विज्ञान शाखेची, कायद्याची विद्यार्थिनी नाही. त्यामुळे इथे कायद्याचा सल्ला नाही; कायद्याचा मजकूर संशोधक म्हणून कसा वाचायचा एवढंच आहे.

संमती नेमकं काय काम करते?

टोइंग दोन प्रकारचं असतं. गाडी बंद पडली, तुम्ही फोन केलात, क्रेन आली, गाडी गॅरेजला गेली. इथे तुमची संमती आहे. दुसऱ्या प्रकारात तुम्ही दुकानातून बाहेर येता आणि गाडी जागेवर नसते. क्रेन तीच, हुक तोच, फरक फक्त संमतीचा.

वरवर हा फरक छोटा वाटतो. पण पहिल्या प्रकारात संमती गुपचूप तीन कामं करत असते. एक, दर: महाग वाटला तर तुम्ही दुसऱ्याला फोन करता. दोन, काळजी: बंपर तोडणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बोलावत नाही. तीन, गरज: उचलायची गरज आहे की नाही हे तुम्हीच ठरवता. दुसऱ्या प्रकारात ही तिन्ही कामं करणारा माणूसच तिथे हजर नसतो. पैसे तो देणार, पण निवड त्याची नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे: संमती काढून घेतली की तिची कामं नियमांना करावी लागतात. म्हणून टोइंगच्या कुठल्याही व्यवस्थेकडे बघताना विचारायचं, संमतीचं कोणतं काम इथे कोण करतंय? आणि कोणतं काम कोणीच करत नाहीये?

हा भेद फक्त पुस्तकी नाही. अमेरिकेत १९९४ च्या एका संघीय कायद्याने राज्यांना आणि शहरांना मालवाहतूकदारांचे दर, मार्ग आणि सेवा यांवर नियम करायला बंदी घातली. खुली स्पर्धा असली की दर आपोआप ताळ्यावर येतात, हा त्यामागचा विचार. टोइंगवालेही त्या व्याख्येत आले. वर्षभरातच, १९९५ मध्ये, दुरुस्ती करून एक अपवाद घातला गेला: मालकाच्या पूर्वसंमतीशिवाय केलेल्या टोइंगचे दर ठरवायला स्थानिक सरकारांना मोकळीक. जिथे निवड नाही तिथे स्पर्धा दर खाली आणू शकत नाही, हे कायद्यालाही मान्य करावं लागलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर १ ऑक्टोबर २०१२ पासून खासगी जागेवरच्या गाडीला कायदेशीर अधिकाराशिवाय जॅमर लावणं किंवा ती ओढून नेणं हा गुन्हाच आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२७ काढा आणि पेन्सिल घेऊन वाचा. त्याचा आशय असा: सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक बेवारस अथवा दुर्लक्षित राहिलेली, किंवा कायद्याने पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी टोइंग सेवेमार्फत हलवायला किंवा तिला जॅमर लावायला, त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. वाहतुकीला धोका करणारी बेवारस किंवा मोडकी गाडी लगेच हलवता येते. टोइंगचा खर्च मालकाचा, आणि दंड वेगळा.

आता शब्द सुटे करू. "गणवेशातला पोलीस अधिकारी" म्हणजे परवानगी कंत्राटदाराच्या पोराने द्यायची नाही. मालकाच्या संमतीच्या जागी कायद्याने या अधिकाऱ्याला उभं केलंय. "कायद्याने मनाई" म्हणजे ती मनाई आधी रीतसर झालेली हवी. आणि "देऊ शकतो" म्हणजे दिलीच पाहिजे असं नाही. हा शेवटचा शब्द संशोधकासाठी सोन्यासारखा आहे. चुकीच्या जागी उभ्या असलेल्या दहा गाड्यांपैकी कोणती उचलायची हे कोणीतरी ठरवतंय. त्यामुळे उचललेल्या गाड्यांची यादी हा चुकीच्या पार्किंगचा यादृच्छिक नमुना नसतो. त्या यादीवरून "मुंबईत दुचाकीवालेच जास्त बेशिस्त" असा निष्कर्ष काढलात तर तो फुकट गेला.

जे शब्द या कलमात नाहीत, तेही लिहून काढा. उचलण्याआधी फोटो काढायचा का? मालक धावत आला तर? आत माणूस बसला असेल तर? यावर कलम १२७ गप्प आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा खासगी जागेवरून गाडी नेण्याआधी फोटो सक्तीचा करतो. आणि गाडी हुकाला लागल्यावर, पण त्या जागेतून बाहेर जाण्यापूर्वी मालक आला तर नेहमीच्या दराच्या निम्म्याहून जास्त घेऊ देत नाही. आपल्याकडे असे तपशील कायद्याच्या खाली, म्हणजे आदेश, परिपत्रकं आणि कंत्राटाच्या अटी यांत शोधावे लागतात. ते बरेचदा घटना घडून गेल्यावर जन्मतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये मालाडला एक बाई गाडीत बसून बाळाला दूध पाजत असताना गाडी ओढून नेल्याचा व्हिडिओ पसरला. पोलीस निलंबित झाला, मग चर्चा सुरू झाली. कोण चुकलं याबरोबरच आपण हेही नोंदवायचं, की ही पोकळी आधीपासून होती.

शिवाजी पार्कला मनाई कळते कशी?

आता एक ठिकाण पकडू. शिवाजी पार्क अभ्यासाला सोयीचं आहे, कारण सीमा स्पष्ट आहे. मैदान, भोवतीचा कट्टा, उत्तर-दक्षिणेला केळुसकर मार्ग, पश्चिमेला स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग, आणि जवळच रानडे रोडची बाजारपेठ.

इथे मनाई दोन प्रकारची असते. एक कायमची, फलकावर लिहिलेली. दुसरी त्या दिवसापुरती: दसरा मेळावा, गणेश विसर्जन, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा जनसमुदाय. अशा वेळी वाहतूक पोलीस अधिसूचना काढून ठरावीक रस्त्यांवर पार्किंग बंद करतात. यात मोलाचं आहे कलम ११५ चं एक परंतुक. निर्बंध महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, मात्र परिस्थितीनुसार शक्य तितकी स्थानिक प्रसिद्धी द्यायलाच हवी.

"शक्य तितकी" म्हणजे किती? आदल्या रात्री पोलिसांच्या ट्विटर हँडलवर टाकलं, की झालं? कट्ट्यालगत गेले चार दिवस गाडी लावून गावी गेलेल्या माणसाला ते कसं कळणार? इथे आपला विषय पहिल्यांदा प्रश्न होतो: तात्पुरत्या मनाईची सूचना रस्त्यावर किती तास आधी दिसते, आणि त्या वेळेचा उचललेल्या गाड्यांशी काही संबंध आहे का? हे मोजता येतं आणि उत्तर "नाही" असंही येऊ शकतं.

सूचना दिसली नाही असं म्हणणाऱ्याला दाद कधी मिळावी, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा लॉस एंजेलिस शहराचा निकाल वाचा. नो पार्किंगचा फलक झाडांमुळे दिसलाच नाही, असं एका गाडीमालकाचं म्हणणं होतं. त्याने १३४.५० डॉलर भरून गाडी सोडवली आणि त्याची सुनावणी २७ दिवसांनी झाली. न्यायालय म्हणालं, एवढा उशीर घटनाबाह्य नाही. निकाल पटो न पटो, वाद कुठे आहे ते बघा: आधी पैसे भरा आणि मग भांडा, या क्रमात. गाडीवर पोट असलेल्या डिलिव्हरीवाल्यासाठी तो क्रमच शिक्षा असतो. दंड चुकीचा ठरला तरी बुडालेला दिवस परत येत नाही.

मोजायचं काय?

"या महिन्यात इतक्या गाड्या उचलल्या" हा आकडा सहज मिळतो, म्हणून सगळे तोच वापरतात. पण टोइंगचा हेतू गाड्या उचलणं नाही, रस्ता मोकळा करणं आहे. कंत्राटदाराला गाडीमागे पैसे मिळत असतील तर त्याच्या सोयीची गाडी आणि रस्त्याला जास्त अडचण करणारी गाडी एकच असेल असं नाही. गल्लीतली स्कूटर दोन पोरं मिनिटात उचलतात. दुपदरी उभा राहून बस अडवणारा टेम्पो हलवायला वेळ आणि मोठी क्रेन लागते. हे सध्या गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. तपासायचं तर उचललेल्या गाडीबरोबर न उचललेली शेजारची गाडीही नोंदवावी लागेल.

मार्च २०२२: आयता प्रयोग, आयते सापळे

तुम्ही म्हणाल, टोइंगचा परिणाम बघायला शहरभर टोइंग बंद कोण करणार? मुंबईत ते झालंय. मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यात तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी प्रायोगिक तत्त्वावर टोइंग थांबवलं. ते ३० जून २०२२ ला निवृत्त झाले आणि पुढे टोइंग परत सुरू झालं. संशोधनाच्या भाषेत हा नैसर्गिक प्रयोग.

मग आधी आणि नंतरची तुलना करून टाकायची? थांबा. डिसेंबर २०२१ मध्येच राज्यात वाहतूक नियमभंगाचे दंड वाढले होते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले कोविड निर्बंध उठले, म्हणजे गर्दी तशीही वाढणार होती. शिवाजी पार्कापुरतं बोलायचं तर ६ फेब्रुवारीला लता मंगेशकरांचे अंत्यसंस्कार तिथे झाले आणि पाडव्याच्या संध्याकाळी तिथेच मोठी सभा झाली. हे दिवस "नेहमीचे" धरलेत तर आधीची पातळीही चुकेल आणि नंतरचीही. म्हणून नुसती वेळेची तुलना पुरत नाही; ज्यांच्यावर बदलाचा परिणाम व्हायला नको अशा जागांशीही तुलना हवी, उदाहरणार्थ जिथे आधीही टोइंग व्हॅन फारशी फिरकत नव्हती अशा गल्ल्या.

दुसरा आराखडा जागेच्या सीमेवर उभा राहतो. ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिघात चुकीच्या पार्किंगला दुचाकीला ५,००० आणि हलक्या चारचाकीला १०,००० रुपयांपासून दंड लावला. ४९० मीटरवरचा रस्ता आणि ५१० मीटरवरचा रस्ता यांत बाकी फरक फारसा नसतो, दंडात मात्र प्रचंड. सीमेच्या दोन्ही बाजूंना काय बदललं हे बघणं, हा या आराखड्याचा गाभा.

तुमच्यासाठी गृहपाठ

एक रस्ता निवडा आणि एकच प्रश्न घ्या. दोन आठवडे ठरलेल्या वेळी फलक, उभ्या गाड्यांची संख्या आणि प्रकार नोंदवा. नंबर प्लेट टिपू नका. त्या माहितीची गरज नाही आणि लोकांची ओळख सांभाळणं तुमची जबाबदारी आहे. कंत्राटाच्या अटींची प्रत माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत. ही शब्दमर्यादा कटकटीची वाटते, पण प्रश्न नेमका झालाय का हे तपासायला तिच्याइतकी चांगली परीक्षा नाही. अर्जात विचारा: परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याची नोंद प्रत्येक गाडीमागे ठेवली जाते का, आणि कोणत्या नमुन्यात? मालकाच्या संमतीच्या जागी कायद्याने ठेवलेली संमती कागदावर उरते की नाही, हे त्या एका उत्तरावरून कळेल.