उभ्या पिकातली वर्तुळं आणि एक फळी

दक्षिण इंग्लंडमध्ये जुलै उजाडला, गहू पिवळा पडू लागला, की एखाद्या सकाळी उभ्या पिकात भलीमोठी आकृती उमटलेली दिसते. १९९६ मध्ये स्टोनहेंजजवळच्या शेतात १५१ वर्तुळांची वळणदार रचना सापडली. २००१ च्या ऑगस्टमध्ये विल्टशायरमधल्या मिल्क हिल या टेकडीवर तर तब्बल ४०९ वर्तुळं होती. आत शिरून पाहावं, तर बरीचशी काडं न मोडता बुडाशी वाकून एका दिशेनं निजलेली असतात. हे एका रात्रीत माणसाच्या हातून कसं होईल, असा प्रश्न पडणं साहजिकच आहे.

ऐंशीच्या दशकात या प्रश्नामागे अनेकजण लागले. हवामानाचे अभ्यासक टेरेन्स मीडन यांनी विद्युतभारित वावटळीचा सिद्धांत मांडला. निवृत्त अभियंते पॅट डेलगाडो यांना त्यामागे अज्ञात बुद्धिमत्तेचा हात दिसला.

आणि सप्टेंबर १९९१ मध्ये साउदम्प्टनचे दोन साठी ओलांडलेले मित्र, डग बॉवर आणि डेव्ह चोर्ली, ‘टुडे’ या वृत्तपत्राकडे गेले. १९७८ पासून आपण ही वर्तुळं पाडतोय, असं त्यांनी सांगून टाकलं. कल्पना बॉवर यांची. ऑस्ट्रेलियातल्या टुली गावाजवळ १९६६ मध्ये पाणथळीतल्या लव्हाळ्यात गोल खूण सापडली होती आणि ती उडत्या तबकडीची म्हणून गाजली होती; त्यावरूनच त्यांना हे सुचलं.

साधनं अगदी साधी. लाकडी फळी, तिच्या दोन टोकांना बांधलेली दोरी. दोरी हातात धरायची, फळीवर पाय दाबायचा आणि पीक निजवत गोल फिरायचं. सरळ रेघ हवी असेल, तर टोपीला तारेचं एक वेटोळं लावायचं आणि त्यातून दूरच्या खुणेवर नजर ठेवून चालायचं. वावटळीचा सिद्धांत चर्चेत आल्यावर या दोघांनी मुद्दाम सरळ रेषा काढायला सुरुवात केली. वारा काही चौकोन आखत नाही!

वृत्तपत्रानं पडताळा घेतला. दोघांनी पाडलेली एक आकृती डेलगाडो यांना दाखवली आणि त्यांनी ती अस्सल असल्याचं सांगितलं. खरी हकिकत कळल्यावर आपण फसलो हे त्यांनी मान्य केलं, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट. पण अस्सल-नक्कल ओळखण्याची खात्रीची कसोटी हाताशी नव्हती, हेही त्याच दिवशी उघड झालं.

तरीही एक पुरावा वारंवार पुढे केला जातो: आडव्या काडाची पेरं फुगलेली, लांबलेली आणि वाकलेली असतात. शेतकऱ्याला हे नवीन नाही. वादळी पावसानं गहू लोळला, की काही दिवसांत त्याची टोकं पुन्हा वर वळू लागतात. काड आडवं झालं, की पेराच्या खालच्या बाजूच्या पेशी जास्त वाढतात आणि काड आकाशाकडे वळतं. म्हणून पेरं मोजायची, तर त्याच शेतात, त्याच रात्री, फळीनं निजवलेल्या पिकाशी ताडून मोजायला हवीत. तशी तुलना नसेल, तर त्या मोजमापातून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत.

जेरेमी नॉर्थकोट या संशोधकानं २००२ मधल्या ब्रिटनमधल्या आकृत्यांची ठिकाणं तपासली. रस्त्यांजवळ, वस्तीजवळ आणि प्राचीन वारसास्थळांच्या आसपास त्यांची गर्दी होती. म्हणजे जिथे पोचायला सोपं आणि बघायला लोक येणार, तिथेच. शेतात पावलांचे ठसे का नसतात, याचंही उत्तर सोपं आहे. फवारणीच्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पिकातून आरपार गेलेल्या असतात. त्यांतून चाललं की उभ्या पिकाला धक्का लागत नाही.

या रात्रींच्या कलाकारांचं कौशल्य दाद देण्याजोगं आहे, पण बिल शेतकऱ्याच्या नावावर फाटतं. आडवं पीक कापणीयंत्राला नीट उचलता येत नाही, आणि बघ्यांच्या पायांखाली आणखी धान्य जातं. विल्टशायरमधल्या अशाच एका आकृतीबद्दल २००० मध्ये एकाला पिकाचं नुकसान केल्याबद्दल दंड झाला. स्टोनहेंज पाहायला जाणाऱ्यांनी वाटेत अशी आकृती दिसली, तर आधी शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि आत जाताना चाकोरी सोडू नये.