मातीतला कर्ब मोजणारी पदवी

शाश्वत शेतीचे पदव्युत्तर शिक्षण महाराष्ट्रात बहुधा कृषिविद्या किंवा मृदाशास्त्रातील एम.एस्सी. (कृषी)मधून होते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठे. प्रवेश परीक्षा, मग दोन वर्षे, चार सत्रे. खरा कस लागतो तो प्रबंधात.

शेणखत, हिरवळीचे खत, तुरीचे आंतरपीक अशा उपचारांचे वाफे आखायचे, प्रत्येकाच्या तीन-चार पुनरावृत्ती घ्यायच्या आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. नाहीतर जमिनीचा मूळचा कसच निष्कर्ष म्हणून गळ्यात पडतो. सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉक्ले-ब्लॅक पद्धत तर पाहण्यासारखी. चाळलेल्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून अर्धा तास थांबायचे, मग ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबथेंब सोडायचे. निळा-जांभळा रंग झटकन हिरवा होतो. हात जरा सैल सुटला की आकडा चुकलाच.

दोन हंगामांत कर्ब फारसा हलत नाही, ही या पदवीची मोठी अडचण. म्हणून जुन्या प्रयोगांचे मोल जास्त. अकोल्याच्या काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू पीकपद्धतीचा दीर्घकालीन खत प्रयोग १९८८ पासूनचा आहे. म्हणजे आजच्या बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठा.