धुळीलाही गाव असते

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून रणगाड्याची प्रतिकृती जुळविण्याचा छंद शहरांतून रुजला आहे. या छंदात एकास पस्तीस हे प्रमाण विशेष लोकप्रिय आहे. भाग अचूक जोडले, मूळ छटेचा रंगही दिला, तरी प्रतिकृती बरेचदा खेळण्यासारखीच दिसते. कारण रणांगणावरचा रणगाडा कोरा करकरीत कधीच नसतो. त्याच्यावर ऊन, पाऊस, वंगण आणि मुख्यतः धूळ यांचे थर साचलेले असतात.

हे थर क्रमाने द्यावे लागतात. प्रायमरवर मूळ रंग किंचित फिकट करून लावतात. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतो. अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण वाळल्यावर चकाकी देणारे वार्निश लावून टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग खाचाखोचांत सोडतात. त्याने रिव्हेट व सांधे उठून दिसतात. मग मॅट वार्निशने चकाकी मारून कडांवरचे टवके आणि गंजाचे ओघळ रंगवितात. धूळ सर्वांत शेवटी येते.

ही धूळ सरसकट फासणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. चाके, साखळपट्टे आणि खालचा भाग येथे ती दाट असते. आडव्या पृष्ठभागावर ती साचते, उभ्या पृष्ठभागावरून पावसाने ओघळते, तर सैनिकांच्या चढउताराच्या जागी पुसली जाते. रंगाची कोरडी पूड मऊ कुंचल्याने टेकवून टर्पेंटाइनच्या थेंबाने ती बसवितात. ओली असताना ती गडद दिसते. त्यामुळे पूर्ण वाळल्याखेरीज छटेचा निर्णय घेऊ नये.

ही पूड घरीही करता येते. माती तव्यावर भाजून मलमलीतून गाळावी व नाकावर मुखपट्टी बांधावी. गाळणे अनिवार्य आहे, कारण एक मिलिमीटरचा कण या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचा खडा ठरतो.

मात्र माती कोठली, हा प्रश्न उरतोच. सातारा जिल्ह्यातील मेढ्याच्या आसपासच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याची तांबडी माती आहे. सांगलीकडे कृष्णाकाठी ती काळी होते. दिवाळीतल्या किल्ल्याला यांपैकी कोणतीही शोभेल. परंतु १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढले व धारातीर्थी पडले, त्याच्या प्रतिकृतीवर मेढ्याची तांबडी धूळ विसंगत ठरेल. ते युद्धक्षेत्र रावीच्या खोऱ्यातले. तेथील गाळाची माती फिकट, करडी. त्याच महिन्यात लोंगेवालाच्या वाळवंटात अडकलेल्या पाकिस्तानी रणगाड्यांवर पिवळसर वाळूच हवी.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ पासून असलेल्या रणगाडा संग्रहालयात अस्सल वाहनांची ठेवण व प्रमाण जवळून अभ्यासता येते. मात्र तेथील वाहने स्वच्छ रंगवून मांडलेली आहेत. धुळीसाठी युद्धकाळातील छायाचित्रे आणि त्या प्रदेशाची मातीच पाहावी लागते. रणगाडा कोठे आणि कोणत्या ऋतूत लढला, हे ठाऊक असलेल्या हातालाच धूळ कोठे थांबवायची ते कळते. एरवी ती नुसती घाण दिसते.