प्रोस्टेट कॅन्सरची लस : ऐकीव काय, खरं काय

डिसेंबर २०२४ मध्ये रशियाच्या कॅन्सरवरील लशीची बातमी मोबाइलवर फिरू लागली. तेव्हापासून प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालेल्या घरात एक प्रश्न निघतोच : ‘ती लस आपल्या सोलापुरात कधी येणार?’ त्या प्रश्नामागे आशा असते, म्हणून त्याला खरं उत्तर द्यायला हवं.

गैरसमज : लस टोचली की हा कॅन्सर होतच नाही.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे विषाणू असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ त्याला अडवते, म्हणून ती मुलींना आधीच देतात. प्रोस्टेटच्या बाबतीत अडवता येईल असा विषाणू सापडलेला नाही. इथे लस म्हणजे रोग झालेल्या माणसावरचा उपचार. रशियाची घोषणाही रुग्णांसाठीच होती.

गैरसमज : प्रतिकारशक्ती संपली म्हणून कॅन्सर झाला, काढे-पावडरींनी ती परत येते.

सर्वांत जास्त पैसा या समजापायी जातो. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी संपलेल्या नसतात. शत्रूला मारण्याचं काम त्यांतल्या टी-पेशी करतात, पण शत्रू कोण हे त्यांना डेंड्रिटिक पेशी दाखवतात. या पेशी परक्या प्रथिनाचा तुकडा अंगावर घेऊन टी-पेशींपर्यंत जातात. प्रोस्टेटची गाठ आपल्याच पेशींची असते. तिच्यात जनुकीय बदल तुलनेने कमी असतात, त्यामुळे ती फारशी परकी वाटत नाही. शिवाय टी-पेशींना आवरून धरणाऱ्या पेशी गाठीभोवती जमतात. डॉक्टर अशा गाठीला ‘थंड’ म्हणतात. कुठलाही काढा हे बदलत नाही. उलट डॉक्टरांना न सांगता घेतलेली पावडर चालू औषधांच्या कामात बिघाड करू शकते.

गैरसमज : अमेरिकेत लस आहे, म्हणजे रोग बरा होतो.

लस आहे, हे खरं. एप्रिल २०१० मध्ये तिथे ‘सिप्युल्युसेल-टी’ला मंजुरी मिळाली. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांना प्रोस्टेटच्या एका प्रथिनाची ओळख करून देतात आणि सलाइनसारख्या परत शरीरात सोडतात. असं दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा करतात. संप्रेरक-उपचार लागू पडेनासे झालेल्या ५१२ पुरुषांवर तिची चाचणी झाली. लस मिळालेल्यांचं मध्यक आयुर्मान २५.८ महिने आणि इतरांचं २१.७ महिने निघालं. म्हणजे चार महिन्यांची भर, आणि तेव्हाची किंमत ९३,००० डॉलर! रोग बरा झाला नाही, बहुतेकांचा पीएसए, म्हणजे रक्तातला रोगाचा निर्देशांक, तोही उतरला नाही. तरी मला हे काम मोठं वाटतं, कारण रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना शिकवता येतं हे त्यातून सिद्ध झालं. नंतरची ‘प्रॉस्टव्हॅक’ ही लस मात्र मोठ्या चाचणीत टिकली नाही.

गैरसमज : आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल रुग्णालयाची नवी पेशी-उपचारपद्धती प्रोस्टेटच्या कॅन्सरवरही चालते.

त्यांची २०२३ मध्ये मंजूर झालेली ‘नेक्सकार१९’ ही बी-पेशींच्या रक्तकॅन्सरसाठी आहे, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी नाही.

गैरसमज : लस येईपर्यंत थांबलेलं बरं.

थांबू नका. पुरुष-संप्रेरक रोखलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर आवरतो, हे १९४१ पासून माहीत आहे. त्यासाठी इंजेक्शनं आहेत, अंडकोष काढण्याची साधी शस्त्रक्रिया आहे. लाजेपायी तिला नकार देणारे पुरुष आपल्या जिल्ह्यातही आहेत.

तपासणीसाठीही थांबू नका. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे. तिचे कर्मचारी बार्शी, परांडा, भूमच्या गावागावांत जाऊन लोकांना लक्षणं समजावतात आणि तपासणीला आणतात. वडील रात्री तीन-चारदा लघवीला उठत असतील, धार बारीक झाली असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. बहुतेकदा ती प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढच निघते, पण ते तपासल्यावरच कळतं. लघवीतून रक्त गेलं तर त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.