कोड बोर्डात उतरतो कसा?
मायक्रोकंट्रोलरशी मैत्री : भाग ५

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय हे खाली बसून दाखवणाऱ्या यंत्राचा आराखडा आपण मागच्या आठवड्यात केला. कल्याण-डोंबिवलीत हा प्रयोग निवडायला वेगळं कारण लागत नाही. उल्हास नदीचं पाणी बारावे आणि मोहिली इथल्या केंद्रांत शुद्ध होऊन येतं. दुरुस्तीसाठी एक दिवस पुरवठा बंद राहिला, की पंप कधी लावायचा आणि टाकी बघायला वर कोणी जायचं हा विषय इमारतीइमारतीत निघतो. काही वाचकांनी एव्हाना दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं असेल आणि लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलंही असेल: रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड, एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी आणि थोडे रेझिस्टर. आता कोड लिहायचा आहे, आणि तो आपण थेट ब्राउझरमध्ये लिहिणार आहोत.

ब्राउझरच का, तर शाळा-कॉलेजच्या संगणकांमुळे. अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ साली सुरू झाली. सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती बोर्ड, सेन्सर आणि मोटर देणारी ही योजना मला फार मोलाची वाटते. पण शाळेच्या संगणकावर नवं सॉफ्टवेअर टाकायचं तर पासवर्ड लागतो आणि तो मुलांकडे नसतो. घरी एकच लॅपटॉप असतो, त्यावर दिवसा कुणीतरी ऑफिसचं काम करत असतं. इएसपी३२ सारख्या बोर्डासाठी लागणारी सामग्री शेकडो एमबी भरते. तासिका संपत आली तरी डाउनलोड चालूच, मग मुलं कोड लिहिणार कधी? ब्राउझरमधल्या एडिटरने ही अडचण खरोखर दूर केली आहे.

मात्र सगळे ब्राउझर-एडिटर एकाच पद्धतीने चालत नाहीत. आर्डुइनोच्या क्लाउड एडिटरमध्ये आपला कोड इंटरनेटवरून त्यांच्या सर्व्हरवर जातो, तिथे कंपाइल होतो, म्हणजे बोर्डाला समजेल अशा रूपात बदलतो, आणि तयार फाइल परत येते. ती बोर्डात घालण्यासाठी संगणकावर ‘एजंट’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आधी बसवावा लागतो. म्हणजे शाळेचा पासवर्ड पुन्हा आडवा आला. शिवाय नेट गेलं की काम थांबतं.

मायक्रोबिट या बोर्डासाठीचा मेककोड हा एडिटर वेगळा आहे. २०१६ साली ब्रिटनमध्ये बीबीसीच्या पुढाकाराने सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना हा बोर्ड वाटला गेला. मेककोड कोडचं रूपांतर ब्राउझरमध्येच करतो. पान एकदा उघडून झालं की नेट नसतानाही ते चालतं. पण प्रकल्प त्या ब्राउझरच्या साठ्यात राहतात आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावरचा साठा कुणीही पुसू शकतं. म्हणून उठण्याआधी फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावावी.

आपण वापरणार आहोत तो तिसरा मार्ग, सर्किटपायथन. यात कंपाइल करण्याची वेगळी पायरीच नाही. पायथन समजणारा प्रोग्रॅम बोर्डात एकदाच बसवायचा, मग आपण लिहिलेला मजकूर तो बोर्डातच वाचून राबवतो. पिकोत २६४ केबी रॅम आहे. आर्डुइनो उनोत ती फक्त २ केबी असते, त्यामुळे हा मार्ग उनोवर चालत नाही.

पिकोवरचं ‘बूटसेल’ बटण दाबून ठेवा आणि तसंच दाबून धरून केबल संगणकाला लावा. बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसू लागेल. सर्किटपायथनच्या संकेतस्थळावरून पिकोसाठीची यूएफ२ फाइल उतरवा आणि त्यात टाका. बोर्ड स्वतःच पुन्हा सुरू होतो आणि ‘सर्किटपाय’ नावाचा ड्राइव्ह उघडतो. आता क्रोम किंवा एजमध्ये सर्किटपायथनचा वेब एडिटर उघडा आणि यूएसबीचा पर्याय निवडा. ब्राउझर दोन परवानग्या मागेल, एक सीरियल पोर्टसाठी आणि एक त्या ड्राइव्हसाठी.

या परवानग्यांपाशी जरा थांबू या. वेब सीरियल ही सोय क्रोममध्ये २०२१ साली सर्वांसाठी खुली झाली. त्यामुळे संकेतस्थळ थेट पोर्टशी बोलू शकतं, पण आपण यादीतून पोर्ट निवडून दिल्याशिवाय त्याला एकही बोर्ड दिसत नाही. अनोळखी संकेतस्थळाने असं विचारलं तर नकार द्यावा, आणि मुलांना हे समजावून सांगावं. सफारीत ही सोय नाही, त्यामुळे मॅकवाल्यांनीही क्रोम घ्यावा.

एडिटरमध्ये कोड लिहून साठवला की तो बोर्डातल्या मुख्य फाइलमध्ये जातो आणि लगेच चालू होतो. चूक असेल तर कितव्या ओळीत आहे ते खालच्या चौकटीत दिसतं. मला या पद्धतीचं सर्वांत मोठं मोल वाटतं ते हे, की कोड बोर्डातच राहतो. ठाण्याच्या शाळेत अर्धवट राहिलेलं काम मूल खिशात घालून डोंबिवलीला घरी नेऊ शकतं आणि दुसऱ्याच संगणकावर पुढे चालू करू शकतं. मात्र साठवणं चालू असताना केबल उपटली तर फाइल खराब होऊ शकते. ड्राइव्ह आधी ‘इजेक्ट’ करावा आणि एक प्रत दुसरीकडे ठेवावीच.

बोर्ड दिसलाच नाही तर आधी केबल बदला. मोबाइलसोबत मिळणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. पोर्ट ‘व्यस्त’ दाखवत असेल तर दुसरा टॅब किंवा प्रोग्रॅम तो धरून बसलेला असतो, कारण एका वेळी एकालाच पोर्ट मिळतो. स्वस्त उनोवर बहुधा सीएच३४० ही चिप असते आणि तिचा ड्रायव्हर संगणकात नसेल तर ब्राउझर काही करू शकत नाही. पिकोला असा ड्रायव्हर लागत नाही, म्हणूनही मी तो सुचवला.

आता जोडणी. एचसी-एसआर०४ ला ५ व्होल्ट लागतात आणि त्याची ‘इको’ पिनही ५ व्होल्टच देते. पिकोच्या पिन ३.३ व्होल्टच्या आहेत. थेट जोडलंत तर बोर्ड जाऊ शकतो. इकोपासून १ किलो-ओहमचा रेझिस्टर पिकोच्या पिनपर्यंत आणि त्या पिनपासून २ किलो-ओहमचा ग्राउंडपर्यंत लावा, म्हणजे पिनवर साधारण ३.३ व्होल्ट येतील. सेन्सर ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीला लागलेला वेळ कळवतो. एका सेंटिमीटरला जाऊन-येऊन सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. उत्तर ५,८०० आलं तर पाणी सेन्सरपासून एक मीटर खाली आहे. हा हिशोब २० अंश तापमानाचा. मे महिन्यात टाकीतली हवा ४० अंशांवर गेली तर आवाज जलद जातो आणि मीटरमागे तीन-साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. पंप लावायचा की नाही हे ठरवायला तेवढा फरक चालतो.

या आठवड्यात सेन्सर टाकीत बसवू नका, टाकीतल्या दमट हवेत तो गंजतो. टेबलावर पाण्याची बादली ठेवा, सेन्सर तिच्या काठावर धरा आणि मगाने पाणी ओतत आकडे वहीत लिहून घ्या. पुढच्या भागात जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक सेन्सर घेऊ. त्याला साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजता येत नाही, तेव्हा आपल्या टाकीचं झाकण आणि भरलेल्या पाण्याची पातळी यांत किती जागा सुटते ते तोवर मोजून ठेवा.