सिम्समधलं राजघराणं: गादीवर कोण बसणार, हे ठरवतं कोण?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. ‘द सिम्स ४’मध्ये आपण घर बांधतो, जॉब करतो, स्वयंपाकघराला आग लावतो, ते ठीक. पण त्यात मध्ययुगातलं राजघराणं कसं खेळायचं? चला, आज तेच बघू.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. २०११ साली ‘द सिम्स मिडीव्हल’ नावाचा वेगळा गेम आला होता. त्यात राजा, सरदार, हेर, वैद्य सगळे आहेत, पण भर मोहिमांवर आहे. पिढ्यान् पिढ्या वंश चालवायची मजा त्यात नाही. ती ‘सिम्स ४’मध्ये आहे, कारण इथे माणसं जन्मतात, म्हातारी होतात, मरतात आणि वंशवृक्ष आपोआप तयार होत जातो. मूळ गेम २०२२च्या ऑक्टोबरपासून फुकट आहे. फक्त कम्प्युटर किंवा कन्सोल लागेल.

आता खरी गंमत. या मूळ गेमला ‘गादी’ म्हणजे काय ते माहीतच नाही. राजा मेला की त्याची मुलं थोडे दिवस रडतात आणि मग टीव्ही बघत बसतात. वारस कोण, हे आपल्याला ठरवावं लागतं. म्हणून खेळाडूंनी स्वतःचे नियम बनवले. ‘लेगसी चॅलेंज’ हा त्यातला सगळ्यात गाजलेला प्रकार, एकूण १० पिढ्यांचा. त्यात सुरुवातीलाच ठरवायचं: मुलगा-मुलगी समान की फक्त एकाला हक्क? रक्ताचंच मूल हवं की दत्तक चालेल? थोरलं, धाकटं की सगळ्यात लायक? आमच्या भाषेत सांगायचं तर हा एक फंक्शन आहे. इनपुट सगळी मुलं, आउटपुट एक वारस.

मी उदाहरण घेतलं इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचं. त्याला अनौरस मुलं २०पेक्षा जास्त, पण औरस मुलं दोनच: थोरली मटिल्डा आणि धाकटा विल्यम. नियम ‘मुलगा आधी’, म्हणजे थोरली असूनही मटिल्डा बाजूला. मग २५ नोव्हेंबर ११२०च्या रात्री नॉर्मंडीतल्या बार्फ्लरजवळ ‘व्हाइट शिप’ नावाचं जहाज बुडालं आणि त्यात विल्यम गेला. वय जेमतेम १७. फंक्शनला आता रिटर्न करायला कोणीच नाही! शेवटी ११२७ साली हेन्रीने सगळ्या सरदारांकडून शपथ घेतली: माझ्यामागे मटिल्डा. शपथ घेणाऱ्यांत हेन्रीचा भाचा स्टीफनही होता.

हे गेममध्ये कसं उतरवायचं? माझे नियम सांगतो.

पहिला: एका घरात जास्तीत जास्त ८ सिम्स राहतात. म्हणून राजाचं घर वेगळं, स्टीफनचं वेगळं आणि लग्नानंतर मटिल्डाचं तिसरं. आयुष्यमान ‘शॉर्ट’वर ठेवा, नाहीतर एका पिढीतच तुमची सुट्टी संपेल.

दुसरा: गाजर बंद! गरोदर सिमने गाजरं खाल्ली तर मुलगा व्हायची शक्यता वाढते, स्ट्रॉबेरी खाल्ल्या तर मुलीची. हेन्रीला हे कळलं असतं तर त्याने अख्खा महाल गाजरांनी भरला असता. पण मग खेळात उरलं काय?

तिसरा: तान्ह्या बाळाला गेम मरू देत नाही आणि मध्ययुग तसं नव्हतं. म्हणून फोनवरच्या ॲपमध्ये फासा टाकायचा. बाळंतपण, प्रवास, लढाई, प्रत्येक वेळी १ पडला तर तो सिम गेला. जुनी सेव्ह फाइल उघडून मागे जायचं नाही.

चौथा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: राजा गेला की सरदारांचं मत घ्यायचं. सरदाराच्या मैत्रीची हिरवी पट्टी ज्याच्याशी जास्त भरलेली, त्याला मत.

मी हे तीनदा खेळलो. दोनदा विल्यम वाचला आणि काहीच घडलं नाही. शांत राज्य, सुखी कुटुंब, प्रचंड बोअर. तिसऱ्यांदा मात्र १ पडला. मग मटिल्डासाठी मी सरदारांच्या घरी फेऱ्या मारल्या, सगळ्यांच्या पट्ट्या भरल्या, तिचं लग्न लावून तिला दुसऱ्या गावी पाठवलं. हेन्री मेला तेव्हा मतं मोजली, तर स्टीफन जिंकला! कारण सरळ आहे. सिम्समध्ये भेटीगाठी थांबल्या की मैत्री हळूहळू उतरते. स्टीफन गावातच होता, रोज कोणाच्या तरी घरी जेवायला.

आता खरा इतिहास बघा. १ डिसेंबर ११३५ला हेन्री वारला तेव्हा मटिल्डा समुद्रापलीकडे, नवऱ्याच्या मुलखात होती. स्टीफन घाईघाईने इंग्लंडला पोचला आणि २२ डिसेंबरला त्याने मुकुट घातलासुद्धा. तीन आठवडे फक्त! मटिल्डा बाई होती म्हणून अनेक सरदार आधीच कुरकुरत होते, हे आहेच. पण आठ वर्षांपूर्वीची शपथ एकीकडे आणि समोर हजर असलेला माणूस दुसरीकडे, यात हजर माणूस जिंकला.

पुढे वर्षानुवर्षं यादवी चालली. ११४१मध्ये स्टीफन लिंकनच्या लढाईत पकडला गेला, तरी मटिल्डाला राज्याभिषेक काही मिळाला नाही. शेवटी ११५३मध्ये तह झाला: स्टीफन मरेपर्यंत राजा, त्याच्यामागे मटिल्डाचा मुलगा. ११५४मध्ये तो दुसरा हेन्री म्हणून गादीवर आला. प्लँटॅजेनेट घराणं सुरू झालं ते इथून.

पुस्तकात ‘सरदारांनी शपथ मोडली’ हे एक वाक्य असतं. गेममध्ये ते बारा पट्ट्यांमधून, रोज थोडं थोडं घडताना दिसतं. नियम कागदावर मटिल्डाच्या बाजूने होता, पण तो चालवणारी माणसं नव्हती.

तर या वीकेंडला ट्राय करा. खेळायच्या आधी वारसाचा नियम कागदावर लिहा, फासा जवळ ठेवा आणि थोरल्या मुलीला बाजूला सारायची वेळ आली तर नियम पाळता की मोडता, ते मला कळवा. मी चौथ्या डावात समान हक्काचा नियम लावलाय. मटिल्डा गादीवर आहे आणि स्टीफन अजूनही रोज कोणाच्या तरी घरी जेवायला जातोय. माझं लक्ष आहे त्याच्यावर. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!